पहाटे बंद, साडेनऊला सुरू: पलूस भागातल्या एका फायबर लाइनचं प्रकरण

सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तक्रारी यायला लागल्या. पहाटे पाचच्या सुमाराला नेट अडखळतं, सहाच्या आत ओएनटीवरचा, म्हणजे घरातल्या फायबर मोडेमवरचा, लाल दिवा लागतो आणि ऊन वर आलं की साडेनऊच्या आसपास कुणी हात न लावता सगळं पूर्ववत होतं. गावातल्या 27 जोडण्यांपैकी 11 जणांची ही तक्रार होती. बाकीच्या 16 जणांना काहीच जाणवत नव्हतं. सर्वांत जास्त ओरड दूध संकलन केंद्राची, कारण त्यांचं काम नेमकं त्याच वेळेत असतं. गावाचं आणि जोडणी देणाऱ्या व्यावसायिकाचं नाव इथे दिलेलं नाही. त्यावाचून काही अडत नाही.

तक्रारी एका गल्लीतल्या असत्या तर काम सोपं होतं. पण त्या चारही गल्ल्यांत विखुरलेल्या होत्या आणि शेजारी-शेजारी दोन घरांत एकाचं बंद, दुसऱ्याचं चालू असा प्रकार होता. त्यामुळे पहिले दोन आठवडे सगळ्यांचं लक्ष घराघरांतल्या ओएनटीवर राहिलं. दोष मात्र गावात नव्हताच, गावाच्या सव्वादोन किलोमीटर अलीकडे होता.

लाइनची मांडणी

पलूसमध्ये जीपॉनची (एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट देणारी पद्धत) ओएलटी, म्हणजे व्यावसायिकाकडचं मुख्य यंत्र, आहे. त्यात बी प्लस वर्गाचं एसएफपी, म्हणजे प्रकाश पाठवणारं आणि घेणारं छोटं मॉड्यूल. वर्ग प्रकाशाच्या ताकदीनुसार ठरतो. तिथून 12 कोअरची (12 फायबर असलेली) फिगर-एट केबल, म्हणजे वर पोलादी तार आणि खाली फायबर, खांबांवरून उसाच्या पट्ट्यातून गावाकडे जाते. 9.1 किलोमीटरवर वेशीपाशी 1:4 स्प्लिटर (प्रकाश चार वाटांत विभागणारा), पुढे चार गल्ल्यांच्या तोंडाशी प्रत्येकी एक 1:8 स्प्लिटर आणि तिथून घरोघर ड्रॉप केबल. सर्वांत लांबचं घर ओएलटीपासून 9.4 किलोमीटरवर. फायबर जी.652डी जातीचं, वाटेत सहा जॉइंट. या सगळ्या जोडण्या केबलमधल्या एकाच कोअरवर चालतात, ती नारिंगी.

अशा लाइनवर कुठल्याही दुरुस्तीआधी करायचा हिशेब म्हणजे घटीचा. वाटेत प्रकाश किती कमी होतो ते डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतात; दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो. 1490 नॅनोमीटरवर, म्हणजे ओएलटीकडून घराकडे येणाऱ्या प्रकाशासाठी, तो असा होता. फायबरची घट किलोमीटरला 0.24 डीबी धरली तर 9.4 किलोमीटरला 2.3. सहा स्प्लाइस (फायबर वितळवून केलेले जोड), प्रत्येकी 0.05 प्रमाणे 0.3. चार कनेक्टर, प्रत्येकी 0.3 प्रमाणे 1.2. 1:4 स्प्लिटरचे 7.2 आणि 1:8 चे 10.5, मिळून 17.7. एकूण 21.5 डीबी. एसएफपीमधून प्रत्यक्ष निघणारा प्रकाश +3.2 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेतली पातळी) मोजला होता, म्हणजे घरात साधारण −18.3 डीबीएम पोचायला हवा. जोडणीच्या वेळच्या नोंदी −18 ते −19.5 च्या दरम्यानच होत्या, तेव्हा हिशेब आणि वस्तुस्थिती जुळत होती.

वॉटमध्ये मांडलं की आकड्यांचं गांभीर्य कळतं. निघताना 2.1 मिलिवॉट, घरात पोचताना सुमारे 15 मायक्रोवॉट. बी प्लस वर्गाच्या ओएनटीला −27 डीबीएमपर्यंत, म्हणजे 2 मायक्रोवॉटपर्यंत, काम करता यायला हवं असं मानक सांगतं. खाली येणारा वेग सेकंदाला 2.488 अब्ज बिट, त्यामुळे एका बिटाच्या वाट्याला 0.4 नॅनोसेकंद येतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2.04 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक बिट फायबरमध्ये जेमतेम 8 सेंटिमीटर लांबीचा असतो आणि पलूसपासून त्या गावापर्यंतच्या काचेत कुठल्याही क्षणी एक लाखाच्या वर बिट वाटेत असतात. −27 डीबीएमला एका बिटामागे सरासरी 6000 च्या आसपास फोटॉन उरतात. त्याखाली गेलं की ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतला फरक रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडायला लागतो. आधी चुकांचा काउंटर वाढतो, मग नेट अडखळतं, आणि पुढच्या एक-दोन डीबीत लाल दिवा. म्हणून −20 आणि −25 यांत ग्राहकाला काडीचा फरक जाणवत नाही, पण −27 आणि −28.5 यांत चालू आणि बंद एवढा फरक असतो. या प्रकरणात तीन आठवड्यांचा गोंधळ झाला तो याच गुणधर्मामुळे.

दवाचा संशय

पहाटे बंद पडतं, उन्हात सुरू होतं, मग दवच असणार, असं लाइनवर काम करणाऱ्या मुलांचं म्हणणं होतं. जॉइंट बॉक्समध्ये ओल शिरली असेल, कनेक्टर ओलसर झाले असतील. तांब्याच्या केबलवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हे पटकन सुचतं आणि तांब्याच्या बाबतीत ते बरोबरही असतं. फायबरमध्ये प्रकाश काचेच्या गाभ्यात असतो, बाहेरून थेंब ओघळले तरी त्याला पत्ता लागत नाही. बॉक्समध्ये पाणी साचून राहणं वाईटच, कारण काळाच्या ओघात काचेची ताकद कमी होते. पण पहाटे येऊन साडेनऊला जाणारी जवळपास 7 डीबीची घट पाणी देत नाही. कनेक्टरच्या तोंडावर ओल आली तर थोडा फरक पडू शकतो, पण तो एखाद्या घरात दिसेल, 11 घरांत एकाच वेळी नाही.

तरीही कनेक्टर साफ केले गेले आणि गंमत म्हणजे त्याचा उपयोग झाला. सात घरांत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेल्या पुसणीने तोंडं पुसल्यावर पातळी अर्धा ते दीड डीबी सुधारली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतली पाच घरं चालू राहिली. निदान बरोबर ठरल्यासारखं वाटलं. दोन घरांत ओएनटी बदलला, तिथेही सुरळीत झालं, कारण नवा ओएनटी जरा जास्त संवेदनशील निघाला. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडी वाढली आणि ती सगळी घरं पुन्हा बंद पडली, शिवाय नवी तीन.

यातून खरं तर एवढंच कळत होतं की सगळ्या गावाची पातळी पहाटे एकदम खाली येत होती आणि ज्याच्या घरी थोडी शिल्लक होती तो तगत होता. ज्याचा कनेक्टर मळका, ड्रॉप लांब किंवा ओएनटी जुना, तो आधी बुडत होता. पुसल्याने एक डीबी मिळाला की तो माणूस उंबरठ्याच्या वर यायचा. पण दुपारी कुणाच्या घरी पॉवर मीटर लावला तर −20.8 दिसायचं आणि −20.8 ला कुठलाही तंत्रज्ञ ‘ओके’ म्हणूनच निघतो. जोडणीच्या वेळी इथे −18.3 होतं, मधले अडीच डीबी कुठे गेले, हे विचारायला जुनी नोंद समोर असावी लागते. ती कार्यालयात होती, खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नव्हती.

याच काळात एक सूचना अशीही आली की एसएफपी सी प्लस वर्गाचं टाका, दोन डीबी जास्त मिळतील. तसं केलं असतं तर जानेवारी निभावला असता आणि दोष तसाच वाढत राहिला असता. घट का होते हे माहीत नसताना पॉवर वाढवणं आम्हाला तरी मान्य नाही.

दोन रंगांची साक्ष

जीपॉनमध्ये एकाच काचेवर दोन्ही दिशांनी प्रकाश जातो. घराकडे येताना 1490 नॅनोमीटर, ओएलटीकडे जाताना 1310. हे दोन्ही प्रकाश डोळ्यांना न दिसणारे, तरी लाइनवर काम करणारे त्यांना ‘रंग’ म्हणतात. ओएनटीला किती प्रकाश मिळतोय आणि ओएनटीकडून ओएलटीला किती मिळतोय, हे दोन्ही आकडे ओएलटीच्या पडद्यावर घरबसल्या दिसतात. बहुतेक जण पहिला बघतात, दुसरा बघत नाहीत. या प्रकरणात तेच दोन आकडे दिवसभर दर पंधरा मिनिटांनी नोंदवले. लांबच्या घराच्या, त्यातल्या त्यात स्वच्छ जोडणीच्या नोंदी अशा होत्या:

जोडणीच्या वेळी: घरात −18.3, ओएलटीवर −20.5
दुपारी अडीच, हवा सुमारे 30 अंश: घरात −20.8, ओएलटीवर −20.9
पहाटे सहा, हवा सुमारे 12 अंश: घरात −27.6, ओएलटीवर −21.8

घराकडे येणाऱ्या प्रकाशात पहाटे 9.3 डीबीची जादा घट, आणि त्याच काचेतून उलट जाणाऱ्या प्रकाशात फक्त 1.3. कनेक्टरवर मळ असता, स्प्लाइस बिघडली असती किंवा स्प्लिटर खराब झाला असता, तर दोन्ही रंगांचं नुकसान जवळपास सारखं झालं असतं. एका रंगाला नऊ आणि दुसऱ्याला सव्वा, एवढा भेदभाव फायबरमध्ये नेहमी दिसणारी एकच गोष्ट करते: घट्ट वळण, ज्याला लाइनवर ‘बेंड’ म्हणतात.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फायबरचा बाहेरचा व्यास 125 मायक्रॉन, मधला गाभा 8 ते 9 मायक्रॉन. गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळून तिचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा, म्हणजे क्लॅडिंगपेक्षा, एक टक्क्याच्याही तिसऱ्या भागाइतकाच जास्त ठेवलेला असतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात प्रकाशकिरण भिंतींवर आपटत नागमोडी जाताना दाखवतात. सिंगल मोड फायबरला ते चित्र लागू नाही. इथे प्रकाश गाभ्याभोवती एका पट्ट्यासारखा पसरलेला असतो आणि त्याचा काही भाग क्लॅडिंगमधून चालतो. हा पट्टा 1310 ला सुमारे 9.2 मायक्रॉन रुंद, 1550 ला 10.4 मायक्रॉन. तरंगलांबी जेवढी मोठी, तेवढा प्रकाश गाभ्याच्या बाहेर जास्त आणि गाभ्याची पकड त्याच्यावर तेवढी सैल.

फायबर वाकवलं की वळणाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या प्रकाशाला आतल्या भागाबरोबर राहण्यासाठी तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं. गाभ्यापासून काही अंतरावर त्याला लागणारा वेग क्लॅडिंगच्या काचेत शक्य असलेल्या वेगापेक्षा जास्त होतो. ते शक्य नसल्यामुळे तेवढा प्रकाश पट्ट्यातून सुटून बाहेर जातो आणि परत येत नाही. 1310 चा पट्टा आटोपशीर असल्याने वाचतो, 1490 बरंच गमावतो, 1550 त्याहून जास्त, आणि 1625 सर्वांत जास्त. सरळ फायबरमध्ये नेमकं उलट असतं. तिथे घट मुख्यतः काचेतल्या सूक्ष्म विषमतेवर प्रकाश विखुरल्याने होते, ती तरंगलांबी वाढली की झपाट्याने कमी होते. म्हणून 1310 ला किलोमीटरला 0.35 डीबी आणि 1550 ला 0.2. या उलट-सुलट वागण्यामुळेच दोन रंगांची तुलना इतकी बोलकी ठरते.

याच गावात त्याच कोअरवर 1550 ने केबल टीव्ही चालत असता तर टीव्हीवाल्यांनी नोव्हेंबरातच फोन केले असते.

ओटीडीआर लावला

डिसेंबरात एकदा ओटीडीआर (फायबरमधली घट किती अंतरावर होते ते दाखवणारं यंत्र) लावून झालं होतं, पण दुपारी, आणि फक्त 1310 वर. त्यात 6.87 किलोमीटरवर 0.4 डीबीची पायरी दिसली होती. ‘जुना जॉइंट आहे, असू दे’ म्हणून ती सोडून दिली गेली. स्प्लाइसला 0.4 ही चांगली घट नाही, तरी एवढ्याने नेट बंद पडत नाही, हा विचार त्यांच्या जागी चुकीचा म्हणता येणार नाही. चूक होती ती एकाच तरंगलांबीवर थांबण्यात.

आता दोन वेळा, दोन्ही तरंगलांब्यांवर मोजलं. पलूसच्या पॅच पॅनेलवर ओएलटीची पॅच कॉर्ड काढून तिथे ओटीडीआर जोडला. ओएलटीकडून प्रकाश येणं बंद झालं की जीपॉनचे ओएनटी आपणहून गप्प बसतात, त्यामुळे या टोकाकडून मोजताना उपकरणाला समोरून प्रकाशाचा मारा होत नाही. ग्राहकाच्या टोकाकडून, ओएलटी चालू असताना, हे करायचं नाही. त्यासाठी 1625 किंवा 1650 नॅनोमीटरचा फिल्टरवाला पोर्ट लागतो, नाहीतर ओटीडीआरचा डोळा जातो.

रेंज 20 किलोमीटर, पल्स 100 नॅनोसेकंद, सरासरी एक मिनिट. 100 नॅनोसेकंदाची पल्स मोजपट्टीवर सुमारे 10 मीटर व्यापते, म्हणजे त्यापेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणार नाहीत. अपवर्तनांक 1310 साठी 1.4677 आणि 1550 साठी 1.4682 दिला. हा आकडा कुणी 1.46 ठेवला तर पावणेसात-सात किलोमीटरवर 36 मीटरची चूक होते आणि माणूस भलत्याच खांबावर चढतो. ओटीडीआर पाठवलेल्या प्रकाशाचा काचेतून मागे विखुरलेला अंश वेळेनुसार मोजतो, अंतर तो त्या वेळेवरून आणि या आकड्यावरूनच काढतो.

दुपारी 6.87 किलोमीटरवर 1310 ला 0.4 डीबी, 1550 ला 4.9 डीबी. पहाटे सहाला त्याच जागी 1310 ला 1.3, आणि 1550 ची रेघ तिथून खाली कोसळून सरळ गोंगाटात गेली, पुढचं काही वाचता येईना. दोन्ही वेळा त्या जागी वर उठणारं टोक नव्हतं. तुटलेलं फायबर किंवा सुटलेला कनेक्टर असता तर काच-हवेच्या सीमेवरून परावर्तन होऊन टोक दिसण्याची शक्यता होती. बेंड परावर्तन करत नाही, प्रकाश बाजूने गळतो.

आता 6.87 किलोमीटर म्हणजे रस्त्यावर कुठे? ओटीडीआर काचेची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. केबलच्या आत फायबर थोडं जास्तीचं आणि पीळ देऊन भरलेलं असतं, शिवाय प्रत्येक जॉइंटपाशी 15 मीटरची वेटोळी आणि दोन खांबांमध्ये झोळ. त्यामुळे मोटारसायकलच्या मीटरवर 6.87 मोजत जाण्यात अर्थ नसतो. केबलच्या आवरणावर दर मीटरला छापलेले आकडे जास्त भरवशाचे. इथे तेही लागलं नाही, कारण जोडणीच्या वेळची ओटीडीआर रेघ जपलेली होती आणि तीत चौथा जॉइंट बरोबर 6.87 वर होता, तेव्हा 0.04 डीबीचा. दोष जॉइंटच्या आत किंवा त्याच्या दोन्ही अंगांना काही मीटरांत होता.

बॉक्समध्ये काय होतं

चौथा जॉइंट ज्या खांबावर आहे तिथून दोन खांब पुढे, सुमारे 90 मीटरवर, केबल रस्ता ओलांडते. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाल्यावर उसाच्या मोळ्या उंच रचलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तिथून जाताना केबल मोळ्यांत अडकून ओढली गेली होती. नेट गेलं नाही. खांबावरचा क्लॅम्प निघाला होता तो त्याच दिवशी बसवला, केबल ताणून घेतली आणि काम संपलं असं समजलं गेलं. जॉइंट उघडून बघायला कारणच नव्हतं, लाइन चालू होती.

बॉक्स पहाटे, अंधार असतानाच उघडला, आणि त्याआधी वेशीवरच्या डब्यातून नारिंगी कोअरमध्ये लाल लेझर पेन लावून ठेवलं. सव्वादोन किलोमीटर येऊनही लाल प्रकाश पुरेसा उरतो. ट्रे (फायबरची वेटोळी ठेवायची बॉक्समधली ताटली) बाहेर घेताच दोष डोळ्यांना दिसला. स्लीव्ह, म्हणजे जोडावरची संरक्षक नळी, बसवण्याच्या खाचांच्या कोपऱ्यावर नारिंगी फायबर टेकलेलं होतं आणि तेवढ्याच जागी, नखाएवढ्या लांबीत, ते लाल पेटलेलं होतं. बाकी अकरा फायबर आपापल्या वेटोळ्यांत सैल होते. नारिंगीची फेरी मुळातच सर्वांत आखूड ठेवलेली, त्यामुळे ओढ बसली ती तिला. वळणाची त्रिज्या सात-आठ मिलिमीटर असेल. या जातीच्या फायबरला ट्रेमध्ये 30 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्या द्यायची नसते.

ओढ कुठून आली हे बॉक्सच्या तोंडाशी कळलं. केबलच्या मधोमध काचतंतूंची ताठ काडी असते, एफआरपी. ओढ पडली तर ती या काडीने सोसायची असते आणि त्यासाठी ती बॉक्समधल्या धातूच्या क्लॅम्पखाली स्क्रूने आवळतात. इथे काडी क्लॅम्पखाली होती, पण स्क्रू बोटानेच फिरवून सोडलेला. ट्रॉलीने ओढल्यावर केबल पोर्टमधून 18 मिलिमीटर बाहेर सरकली होती. आवरणावर पोर्टच्या रबराचा जुना वळ होता, त्यावरून हे अंतर मोजता आलं. आवरणाबरोबर आतली नळी सरकली, नळीबरोबर फायबर, आणि ट्रेमधली फेरी आवळली गेली.

पहाटेचा हिशेबही इथेच लागतो. दोन खांबांमधल्या 50 मीटरच्या गाळ्यातली पोलादी तार 18 अंशांनी थंड झाली की साधारण 11 मिलिमीटर आखडते. झोळ कमी होतो, ताण वाढतो. केबलचं पॉलिथिलीनचं आवरण आणि आतली नळी यांचं आखडणं पोलादाच्या दहापटीहून जास्त असतं, पण एरवी एफआरपीची काडी त्यांना धरून ठेवते. काडीच मोकळी असल्यावर आवरण आणि नळी रोज पहाटे दोन-तीन मिलिमीटर पोर्टकडे खेचली जात होती आणि उन्हात परत येत होती. आठ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात तेवढा फरक पुष्कळ होतो, कारण बेंडची घट त्रिज्येबरोबर सरळ वाढत नाही, एका टप्प्यानंतर भडकते. दिवसा अडीच डीबी, पहाटे सव्वानऊ.

दुरुस्ती

फक्त फेरी सैल करून लाल उजेड विझवता आला असता आणि काम दहा मिनिटांत झालं असतं. तसं केलं नाही. दोन महिने घट्ट वळणात राहिलेल्या काचेवर बारीक चिरा वाढलेल्या असू शकतात, त्या महिन्यांनी-वर्षांनी तुटतात, आणि त्या दिवशी ओटीडीआर लावून पुन्हा हाच खांब शोधावा लागतो. म्हणून नारिंगी कोअर वळणापासून कापून नव्याने जोडायची, आणि सगळ्या केबलची तयारी पुन्हा करायची, असं ठरलं. ग्राहकांना सकाळी दहा ते दुपारी एक सेवा बंद राहील असं कळवलं. दुधाची वेळ त्यातून मुद्दाम टाळली.

आधी गाळ्याचा ताण खांबावरच्या क्लॅम्पवर घेऊन जॉइंट बॉक्स खाली आणला. खांबावरच्या वेटोळ्यातून केबल मोकळी केली. आवरण 1.2 मीटर सोललं, नळीतली जेली पुसली, एफआरपीची काडी क्लॅम्पखाली घालून स्क्रू पान्याने आवळला आणि केबल हाताने जोरात ओढून पाहिली. नळीला ट्रेच्या तोंडाशी टाय लावले, पण आवळून नव्हे. आवळला तर टाय इतका घट्ट बसतो की नळी चेपते, आणि चेपलेली नळी हा आणखी एक बेंड असतो. ट्रेमध्ये प्रत्येक फायबरला 80 सेंटिमीटरच्या आसपास लांबी, सगळ्या फेऱ्या सारख्या. इतर अकरा कोअर न कापता फक्त नीट मांडल्या, त्यांतल्या चार चालू होत्या.

स्प्लाइस गाडीच्या आत केली. वारा आणि उसाच्या पाचटाची उडणारी काजळी, दोन्ही गोष्टी स्प्लाइस करणाऱ्या मशीनच्या खाचांत गेलेल्या चालत नाहीत. 250 मायक्रॉनचं आवरण 35 मिलिमीटर उतरवलं, अल्कोहोलने पुसलं, क्लीव्हरने (फायबर सरळ कापणाऱ्या हत्याराने) कापलं. कापल्यावर पुसायचं नाही, क्रम चुकला की तोंडावर धागा राहतो. मशीनने दोन्ही तोंडांचे कोन अर्ध्या अंशाच्या आत दाखवले. ते एक अंशाच्या वर असते तर पुन्हा कापलं असतं. फायबरवर स्लीव्ह आधी ओवायची, हे सांगायला नको, तरी ती विसरून जोड करणारे दर हंगामात भेटतात. विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, तोंडं वितळून जुळल्यावर मशीनने 0.02 डीबीचा अंदाज दिला. तो कॅमेऱ्यातल्या प्रतिमेवरून काढलेला अंदाजच असतो, मोजमाप नसतं.

मोजमाप ओटीडीआरने, दोन्ही टोकांकडून, दोन्ही तरंगलांब्यांवर. एका बाजूने मोजलं तर दोन वेगळ्या बॅचच्या फायबरच्या जोडावर घट जास्त दिसू शकते, किंवा चक्क उणे, जणू काही प्रकाश वाढला. दोन्ही दिशांची सरासरी खरी. इथे ती 1310 ला 0.05 आणि 1550 ला 0.06 आली. दोन आकडे जवळजवळ सारखे आले याचा अर्थ ट्रेमध्ये कुठेही बेंड उरलेला नव्हता.

रस्ता ओलांडणाऱ्या गाळ्याची मधली उंची 4.3 मीटर भरली. तिथे एक खांब उंच केला, दुसऱ्याला आडवी भुजा लावून केबल वर घेतली, आता 5.6 मीटर मिळते. हे केलं नसतं तर फेब्रुवारीत पुढची ट्रॉली होतीच.

नंतर

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला लांबच्या घरात −18.4, दुपारी −18.3. ओएलटीवर दोन्ही वेळा −20.5. बाकीचे पाचही जॉइंट त्याच महिन्यात उघडले. दोन ठिकाणी एफआरपीचा स्क्रू तसाच अर्धवट सापडला. ते बहुधा एकाच हाताचं काम असावं. कुठलाही जॉइंट स्वीकारताना 1550 ची ओटीडीआर रेघ आणि आवळलेल्या क्लॅम्पचा फोटो, दोन्ही घेतल्याशिवाय बिल निघणार नाही, असा नियम त्या व्यावसायिकाने तेव्हापासून केला.

27 पैकी 26 घरं −19.5 च्या आत आली. एक घर मात्र −23.1 वरच राहिलं. त्याचा ओएलटीवरचा आकडा पाहिला तर तोही चार डीबीने कमी होता. दोन्ही रंगांचं सारखंच नुकसान, म्हणजे इथे बेंड नाही. गल्लीच्या डब्यात हिरव्या अॅडॅप्टरमध्ये निळा कनेक्टर खुपसलेला निघाला. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे मध्ये हवेची फट राहते आणि तीन-चार डीबी तिथेच जातात. हिरव्या कनेक्टरची पिगटेल (टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) जोडल्यावर त्या घरात −19.0 आलं.